मोटारीची आठवण आणि टंचाईचा इतिहास : मुंबईच्या प्रीमियर-फियाटच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील ज्या थोड्या कुटुंबांकडे स्वतःची मोटार होती, त्या कुटुंबांत गाडीची आठवण घरातील एखाद्या दिवंगत वडीलधाऱ्या व्यक्तीच्या आठवणीसारखी सांगितली जाते. गाडी कोणत्या साली आली, तिचा रंग कोणता होता, क्रमांक काय होता, पहिल्या दिवशी ती कोणत्या देवळापाशी नेली आणि अखेरीस कोणाला दिली, हा तपशील दोन-तीन पिढ्यांना मुखोद्गत असतो. याच कुटुंबांनी पुढील काळात घेतलेल्या अधिक वेगवान, अधिक आरामदायी आणि अधिक भरवशाच्या गाड्यांविषयी मात्र असे काही सांगितले जात नाही. ही विषमता सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने विचारात घ्यावी अशी आहे.

प्रस्तुत लेखात मुंबईतील कुर्ला येथे तयार झालेल्या फियाट, अर्थात नंतरची प्रीमियर पद्मिनी, या गाडीच्या संदर्भात दोन मुद्दे मांडले आहेत. पहिला असा की, जुन्या गाडीविषयीच्या जिव्हाळ्याचे मूळ तिच्या गुणवत्तेपेक्षा टंचाईच्या अर्थव्यवस्थेत शोधावे लागते. दीर्घ प्रतीक्षा, दीर्घ मालकी आणि सततची दुरुस्ती या तीन घटकांनी हा जिव्हाळा घडविला. दुसरा असा की, ही स्मृती प्रामुख्याने मालकांची आहे. गाडी घडविणारे, चालविणारे आणि दुरुस्त करणारे यांना तिच्यात स्थान अल्प आहे. म्हणून तिचा साधन म्हणून वापर करताना तिच्यातील मौनाचीही नोंद घेणे आवश्यक ठरते.

स्मृती : साधन आणि मर्यादा

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ मध्ये असे प्रतिपादन केले की, व्यक्तीची आठवण ही समूहाच्या चौकटीत आकार घेते. कुटुंब, वर्ग आणि धर्मसमूह ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा बोलतात, त्याच टिकतात. पुढे अर्जुन अप्पादुराई यांनी १९८६ मध्ये संपादित केलेल्या ‘द सोशल लाइफ ऑफ थिंग्ज’ या ग्रंथात इगोर कोपिटॉफ यांनी वस्तूंचेही चरित्र लिहिता येते असा विचार मांडला. विशेष म्हणजे त्यांनी दिलेल्या उदाहरणांत आफ्रिकेतील मोटारीचे उदाहरण आहे. गाडीसाठी पैसा कोठून उभा राहिला, तिच्यात कोण बसत असे, ती कोणत्या गॅरेजात जात असे, ती एका हातातून दुसऱ्या हातात कशी गेली आणि शेवटी तिच्या अवशेषांचे काय झाले, या प्रश्नांच्या उत्तरांतून समाजाची जडणघडण उलगडते असे त्यांचे म्हणणे होते.

हेच प्रश्न महाराष्ट्रातील गाड्यांनाही विचारता येतात. येथे एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. १९७० च्या दशकात फियाटशी असलेला परवाना करार संपल्यानंतर कुर्ल्याची गाडी प्रथम ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ व नंतर ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली. नोंदणीपुस्तकात हे नवे नाव लागले, परंतु लोकांच्या तोंडी ‘फियाट’ हेच नाव राहिले, आणि आजही १९८५ साली घेतलेल्या पद्मिनीची आठवण ‘आमची फियाट’ अशीच सांगितली जाते. कागद आणि आठवण यांत येथे उघड तफावत आहे. गाडी कोणत्या नमुन्याची व कोणत्या वर्षाची हे कागद सांगतो, तर लोकांनी तिला कोणत्या परंपरेत बसविले हे आठवण सांगते. दोन्ही साधने एकमेकांशेजारी ठेवून वाचली तरच चित्र पुरे होते.

कुर्ल्याचा कारखाना

मुंबई शहराचा मोटारनिर्मितीशी संबंध स्वातंत्र्यपूर्व काळापासूनचा आहे. जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत सुट्या भागांतून गाड्या जोडण्याचे काम सुरू केले होते. परंतु जोडणी वेगळी आणि निर्मिती वेगळी. देशी भांडवलावर संपूर्ण गाडी येथे बनावी असा विचार १९३० च्या दशकात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आग्रहाने मांडला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी असलेल्या विश्वेश्वरय्यांच्या या योजनेला वसाहतकालीन सरकारकडून अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी हा विचार पुढे नेला. जहाजवाहतूक आणि विमानबांधणी या क्षेत्रांत आधीच पाऊल टाकलेल्या वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने १९४७ च्या सुमारास कुर्ल्याच्या कारखान्यातून वाहने बाहेर पडू लागली.

स्वातंत्र्योत्तर धोरणाने या उद्योगाचे स्वरूप निश्चित केले. १९४९ मध्ये पूर्ण बांधणीच्या मोटारींच्या आयातीवर बंदी आली. १९५३ च्या सुमारास, देशातच सुटे भाग बनविण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना या क्षेत्रात वाव उरला नाही, आणि जनरल मोटर्स व फोर्ड या कंपन्यांनी मुंबईतील जोडणी थांबविली. प्रीमियरने इटलीच्या फियाटशी सहकार्य करून १९५४ पासून ‘फियाट ११००’ बाजारात आणली. गोलसर पाठीच्या या गाडीला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले. तिची पुढची दारे उलट्या बाजूने उघडत. हे नाव थट्टेचे असले तरी तिरस्काराचे नव्हते. १९६४ मध्ये कोनदार बांधणीची ‘११०० डिलाइट’ आली आणि हाच सांगाडा किरकोळ फेरफारांसह सुमारे साडेतीन दशके चालू राहिला. १०८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे इंजिन आणि सुकाणूच्या दांड्यालगत बसविलेला गिअरचा दांडा ही त्याची ओळख होती.

कलकत्त्यानजीकच्या उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सची अॅम्बॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड या तिच्या समकालीन गाड्या होत. १९६० च्या दशकातील ग्राहकाची निवड प्रत्यक्षात या तीन नावांपुरती मर्यादित होती.

नोंदणी, कोटा आणि प्रतीक्षा

१९८० च्या आसपासही संपूर्ण देशातील मोटारींचे वार्षिक उत्पादन ३० ते ४० हजारांच्या घरात होते. उत्पादनाची क्षमता परवान्याने ठरत असे आणि वितरणावर १९५९ च्या नियंत्रण आदेशान्वये सरकारची देखरेख होती. ग्राहकाने अनामत रक्कम भरून नोंदणी करावयाची आणि क्रमांक येईपर्यंत वाट पाहावयाची, अशी पद्धत होती. सरकारी गरजांसाठी कोटा राखीव असे. किमती कोणी व कशा ठरवाव्यात हा वाद तर सत्तरच्या दशकाच्या आरंभी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

या व्यवस्थेचा एक परिणाम असा की, वापरलेली गाडी कधी कधी नव्या गाडीच्या अधिकृत किमतीपेक्षा महाग विकली जाई. दुसरा परिणाम मानसिक होता. गाडी दारात येण्यापूर्वी काही वर्षे ती घरातील बोलण्यात आलेली असे. अनामत भरण्यासाठी मोडलेली ठेव, नोंदणीची जपून ठेवलेली पावती, विक्रेत्याकडे घातलेल्या खेपा आणि अखेरीस आलेले पत्र, हे सारे गाडीच्या चरित्राचे पहिले प्रकरण होय. ज्या घरांना मोटार परवडत नव्हती, त्यांनी हाच अनुभव पुण्याजवळच्या आकुर्डीत बनणाऱ्या बजाज स्कूटरसाठी घेतला. महाविद्यालयीन शिक्षकाच्या घरी तर बहुधा स्कूटरचीच प्रतीक्षा असे. म्हणून या स्मृतीचा पाया केवळ श्रीमंतीचा नाही. मिळण्यास विलंब लागलेल्या वस्तूविषयीचा तो सार्वत्रिक भाव आहे.

त्या काळात मोटार ही सर्वोच्च पदावरील व्यक्तीलाही सहज परवडणारी नव्हती, याचे उदाहरण लालबहादूर शास्त्री यांच्या चरित्रात आढळते. त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितल्यानुसार, पंतप्रधान असताना घेतलेल्या सुमारे १२ हजार रुपयांच्या फियाटसाठी शास्त्रीजींनी पंजाब नॅशनल बँकेकडून ५ हजार रुपयांचे कर्ज काढले. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंद येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा कर्ज फिटलेले नव्हते. ते ललितादेवींनी निवृत्तिवेतनातून फेडले. ती गाडी दिल्लीतील त्यांच्या स्मारकात जतन केलेली आहे. संस्थानिकांच्या गाड्यांची स्मृती वैभवाशी निगडित असते. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक आजही दसऱ्याच्या सोहळ्यात लोक कौतुकाने पाहतात. शास्त्रीजींच्या फियाटची स्मृती मात्र कर्जाच्या हप्त्यांची आहे, आणि मध्यमवर्गाला ती अधिक जवळची वाटते.

दीर्घ मालकी आणि दुरुस्तीची संस्कृती

इतक्या सायासाने मिळालेली गाडी सहसा लवकर विकली जात नसे. ती पंधरा-वीस वर्षे घरात राही. या काळात मुले मोठी होत, त्यांची लग्ने होत, घर बदलले जाई, आणि या सर्व प्रसंगांना गाडी हजर असे. नवजात बालकाला इस्पितळातून घरी आणणारी आणि त्याच मुलाची वरात नेणारी गाडी एकच असणे त्या काळी विशेष नव्हते. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला झेंडूच्या माळा, हळदकुंकू आणि चाकाखाली लिंबू, हा उपचार दरवर्षी होई. नांगर, तराजू आणि लेखणी यांच्या पूजेची जी परंपरा होती, तिच्यात मोटारीला विनासायास जागा मिळाली.

दीर्घ मालकीबरोबर दुरुस्ती अपरिहार्य होती. हिवाळ्यातील सकाळी चोक ओढल्याखेरीज इंजिन सुरू होत नसे. बॅटरी उतरली की शेजारीपाजारी जमून धक्का मारीत. प्लग साफ करणे, पॉइंट घासणे, कार्ब्युरेटरमधील कचरा काढणे ही कामे पुष्कळ मालकांना स्वतः येत. मुंबई-पुणे प्रवासात बोरघाट चढताना गाडी तापणे ही गृहीत धरलेली बाब होती. पाण्याचा डबा डिकीत असेच, आणि घाटात थांबून रेडिएटर थंड होईपर्यंत घरून आणलेले डबे उघडले जात. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गाने व नव्या इंजिनांनी हा थांबा अनावश्यक केला, आणि त्याबरोबर या प्रवासाची एक मोठी आठवणही बंद झाली.

येथे एक विरोधाभास दिसतो. ज्या बिघाडांमुळे त्या वेळी चिडचिड झाली, तेच बिघाड आज सर्वाधिक आवडीने सांगितले जातात. याचे कारण असे की, बिघाडाच्या प्रसंगी माणूस गाडीच्या अंतरंगाशी आणि इतर माणसांशी संबंधात येत असे. निर्दोष चालणाऱ्या यंत्राकडे लक्ष जात नाही. बंद पडणारे यंत्र मात्र ओळखीचे होते, त्याच्या आवाजावरून दुखणे कळू लागते, त्याला स्वभाव चिकटविला जातो. ‘आमच्या गाडीला गर्दी सोसत नसे’, ‘तिला परक्या माणसाचा हात चालत नसे’ अशा धाटणीची वाक्ये या आठवणींत येतात ती यामुळेच. म्हणजे बंदिस्त बाजारपेठेत उत्पादकाला गाडी सुधारण्याची जी निकड वाटली नाही, तिची किंमत ग्राहकाने आपल्या वेळाने व श्रमाने चुकविली आणि त्या श्रमांतूनच आपुलकी निर्माण झाली.

स्मृतीतील मौन

मालकाच्या आठवणीत गाडी पुष्कळदा विक्रेत्याच्या दालनातच जन्म घेते. त्यापूर्वीचा कारखाना तेथे नसतो. प्रत्यक्षात कुर्ल्याचा कारखाना हा मुंबईच्या कामगार चळवळीचे एक महत्त्वाचे केंद्र होता. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाचा विस्तार ज्या अभियांत्रिकी कारखान्यांतून झाला, त्यांत प्रीमियरचे स्थान ठळक आहे. कामगार कायद्याच्या अभ्यासक्रमात आजही शिकविला जाणारा ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध वाडके’ हा १९७५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय याच कारखान्यातील वादातून निर्माण झाला. मोटार उत्पादन विभागातील प्रोत्साहन वेतनासंबंधीच्या कराराचा प्रश्न, प्रतिस्पर्धी कामगार संघटना आणि औद्योगिक विवादात दिवाणी न्यायालयाची अधिकारकक्षा, असा त्या खटल्याचा आवाका होता. एकाच दशकात एका घरात फियाटची पूजा होत होती आणि दुसरीकडे तीच गाडी बनविणारा कामगार आपल्या मोबदल्याच्या हिशेबासाठी न्यायालयात उभा होता. या दोन घटना एकाच इतिहासाचा भाग आहेत, परंतु कौटुंबिक स्मृतीत त्यांची भेट होत नाही.

गॅरेजातील मिस्त्रीची स्थिती थोडी वेगळी आहे. आठवणीत तो येतो, पण बहुधा केवळ पहिल्या नावाने. त्याने हे कौशल्य कोठे मिळविले, त्याच्या हाताखालची मुले कोण होती, त्याचे पुढे काय झाले, हे सांगितले जात नाही. औपचारिक शिक्षणाबाहेर गुरू-शिष्य पद्धतीने वाढलेले हे तंत्रज्ञान शहराच्या औद्योगिक इतिहासाचा मोठा भाग होय. सुट्या भागांच्या टंचाईत दुसऱ्या वाहनाचा भाग घासून बसविणारा, चोर बाजारातून किंवा कुर्ल्याच्या भंगारातून नेमका तुकडा शोधून आणणारा हा कारागीर नसता, तर वीस वर्षांची मालकी शक्यच नव्हती.

तिसरे मौन घरातीलच आहे. या आठवणींत सुकाणूवर वडील असतात, शेजारी आजोबा किंवा मोठा मुलगा. पुढच्या सलग बाकावर आणि मागे मिळून किती माणसे मावली याचे आकडे अभिमानाने सांगितले जातात. त्या माणसांसाठी पहाटे उठून शिदोरी करणारी आणि मागच्या बाकावर मांडीवर मूल घेऊन बसलेली गृहिणी मात्र पार्श्वभूमीवर राहते. तिला विचारल्यास त्याच प्रवासाची आठवण कदाचित वेगळ्या क्रमाने येईल. मौखिक इतिहासाच्या संकलनात हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारला जाणे अगत्याचे आहे.

मारुती, खुली बाजारपेठ आणि टॅक्सीची अखेर

जिव्हाळ्याचे मूळ टंचाईत आहे हे विधान पुढील काळाच्या कसोटीवर तपासता येते. फेब्रुवारी १९८१ मध्ये मारुती उद्योगाची स्थापना झाली आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाला देण्यात आली. आरंभीच्या वर्षांत या गाडीसाठीही नोंदणी व प्रतीक्षा होती, आणि त्या वर्षांतील मारुतीच्या आठवणी फियाटइतक्याच तपशीलवार आहेत. १९९३ मध्ये प्रवासी मोटारींचे उत्पादन परवानामुक्त झाले, परदेशी कंपन्या आल्या, बँकांची कर्जे सुलभ झाली आणि गाडी काही वर्षांत बदलण्याची वस्तू बनली. त्यानंतरच्या आठवणींत प्रवास आहेत, ठिकाणे आहेत, पण गाडी स्वतः अंधूक होत जाते.

यावर असा आक्षेप घेता येईल की, पहिली गाडी कोणत्याही काळी लक्षात राहतेच, आणि तरुणपणाची प्रत्येक गोष्ट नंतर गोड वाटते. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागतो. तथापि, २००५ साली पहिली गाडी घेतलेल्या कुटुंबाच्या आठवणीत चोक, धक्का, मिस्त्री आणि घाटातील पाणी नाही. जिव्हाळा असला तरी त्याचा आशय निराळा आहे. वयाचा प्रभाव आठवणीचा गोडवा समजावून देतो. तिच्यातील तपशील समजावून घेण्यासाठी आर्थिक इतिहासाकडेच जावे लागते.

नव्या स्पर्धेत प्रीमियरचा निभाव लागला नाही. १९८५ मध्ये आणलेली ‘११८ एनई’ आणि नव्वदच्या दशकातील परदेशी कंपन्यांबरोबरची भागीदारी यांनी चित्र पालटले नाही. शतक संपताना पद्मिनीचे उत्पादन थांबले. खासगी मालकांनी तिला निरोप दिल्यानंतरही मुंबईच्या रस्त्यांवर ती काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने दीर्घकाळ राहिली. टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची वयोमर्यादा आणि ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झालेली अखेरची नोंदणी यांमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहरात पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. त्या दिवसांत वृत्तपत्रांतून भावपूर्ण लेखन झाले. त्यांतील बहुतांश लेखन प्रवाशांच्या बाजूने होते. दिवसाचे बारा तास त्या सुकाणूमागे बसलेल्या चालकाला ती गाडी कशी वाटत होती, उन्हाळ्यात तापलेल्या इंजिनाची धग, दुरुस्तीवर गेलेली कमाई आणि कर्ज फिटल्यावर गाडी स्वतःची झाल्याचे समाधान, हा वेगळा दस्तऐवज आहे आणि तो नोंदविण्याची संधी दरवर्षी कमी होत आहे.

समारोप

जुन्या मोटारींच्या आठवणींकडे केवळ गतकालविव्हल भावुकता म्हणून पाहणे अयोग्य ठरेल, तसेच त्यांच्या आधारे टंचाईच्या काळाला सुवर्णकाळ ठरविणेही अयोग्य ठरेल. नोंदणीच्या रांगेत गेलेली वर्षे, पर्यायांचा अभाव आणि निकृष्ट सुधारणा हे त्या काळाचे वास्तव होते. त्या वास्तवात माणसांनी यंत्र टिकविण्याचे, परस्परांच्या मदतीला धावण्याचे आणि एका वस्तूबरोबर आयुष्य काढण्याचे जे वळण स्वतःला लावून घेतले, ते या आठवणींतून व्यक्त होते. जिव्हाळा खरा आहे. तो ज्या व्यवस्थेतून निर्माण झाला ती व्यवस्था मात्र स्पृहणीय नव्हती. ही दोन्ही विधाने एकाच वेळी स्वीकारणे हे इतिहासकाराचे काम आहे.

या दृष्टीने महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना एक मर्यादित परंतु उपयुक्त कार्य हाती घेता येईल. नोंदणीच्या पावत्या, नोंदणीपुस्तके, गॅरेजची बिले आणि गाडीसमोर काढलेली छायाचित्रे अद्याप अनेक घरांच्या कपाटांत आहेत. विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरातून ती संकलित करावीत, आणि मालकाच्या मुलाखतीबरोबर त्याच गाडीच्या मिस्त्रीची, चालकाची व घरातील स्त्रीचीही मुलाखत घ्यावी. कुर्ल्याच्या कारखान्यात काम केलेल्या कामगारांची पिढी आता वृद्धत्वात आहे. गाडीला नाव, क्रमांक आणि तिथी यांसह स्मरणात ठेवणाऱ्या समाजाने तिचे पत्रे ठोकणाऱ्या हातांची नावेही वेळेत लिहून ठेवणे इष्ट ठरेल.